दुसरे टेबल : मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडून नेमके काय घ्यावे?

माणदेशी (धागाकर्ता)

एका तालुक्याच्या गावातील धर्मादाय नेत्र रुग्णालयाचे व्यवस्थापन मी गेली अकरा वर्षे पाहत आहे. तीस खाटा, दोन पूर्णवेळ नेत्रशल्यविशारद, एक शस्त्रक्रियागृह आणि आठवड्यातून तीन दिवस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया एवढाच आमचा पसारा आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या विश्वस्तांच्या कानावर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची ख्याती आली. तिथे एक डॉक्टर दोन टेबलांवर काम करतो असे समजल्यावर आम्हीही देणग्या गोळा करून दुसरे टेबल घेतले. सहा महिन्यांनी आकडे काढले, तेव्हा शस्त्रक्रिया होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या आणि नव्या टेबलावर ड्रेसिंगचे ड्रम ठेवले जाऊ लागले होते. असे का झाले हे शोधता शोधता मी स्वतः मदुराईला जाऊन आलो. तिथे जे पाहिले त्यावर या क्षेत्रात काम करणाऱ्या सभासदांशी सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९७६ साली वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांनी मदुराईत ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. तरुणपणी झालेल्या संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे कायमची वाकडी झाली होती. त्याच बोटांना नव्याने वळण लावून त्यांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. आपल्या देशाचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ चाच. सरकार आणि हे निवृत्त डॉक्टर एकाच वर्षी एकाच प्रश्नाला भिडले होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आज अरविंदच्या सर्व रुग्णालयांत मिळून शस्त्रक्रिया आणि लेसर उपचारांची वार्षिक संख्या चार लाखांच्या पुढे आहे, आणि त्यांतील जवळपास निम्मे रुग्ण मोफत किंवा नाममात्र दरात उपचार घेतात.

आता शस्त्रक्रियागृहात काय चालते ते सांगतो, कारण खरे मर्म तिथे आहे. दोन टेबले शेजारी शेजारी असतात आणि मधे सूक्ष्मदर्शक असा बसवलेला असतो की तो दोन्ही बाजूंना वळवता येतो. पहिल्या टेबलावर डॉक्टर मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत असतात, तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या आजोबांना भूल देऊन झालेली असते, डोळा स्वच्छ करून त्यावर निर्जंतुक कापड अंथरलेले असते, हत्यारांचा स्वतंत्र संच मांडलेला असतो आणि त्या डोळ्यासाठी मोजून ठरवलेल्या क्रमांकाचे भिंग पाकिटासह हाताशी असते. पहिली शस्त्रक्रिया संपताच डॉक्टर दुसरीकडे वळतात. पट्टी बांधणे, रुग्णाला उठवणे, पुढच्याला आणणे यांतल्या कशालाही त्यांचा हात लागत नाही. बिनटाक्याची छोट्या छेदाची शस्त्रक्रिया सरावलेल्या हाताला पाचसहा मिनिटांची असते आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. त्यामुळे तिथला एक शल्यविशारद वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. आमच्याकडे तोच आकडा सहाशेच्या वर कधी गेला नाही.

परत आल्यावर आठवडाभर मी आमच्या शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. दोन शस्त्रक्रियांच्या मधे आमचे डॉक्टर सरासरी एकोणीस मिनिटे रिकामे बसत होते. कधी भिंगाचा क्रमांक काढायचा राहिलेला असे, कधी हत्यारांचे चारच संच असल्यामुळे ती निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह यंत्र उघडण्याची वाट पाहावी लागे, कधी रुग्णाचा रक्तदाब टेबलावर घेतल्यावर वाढलेला निघे. एक आजीबाई सकाळी सातला डोळ्यात थेंब घालून बसवल्या होत्या आणि त्यांची पाळी साडेअकराला आली. तोवर विस्फारलेली बाहुली पुन्हा आकसली होती, म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावले. त्यांना घेऊन आलेला नातू त्या दिवसाची मजुरी बुडवून आला होता. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी ती दोघे आली नाहीत.

तेव्हा मला कळले की टेबल हे सर्वांत शेवटी घ्यायचे असते. अरविंदमध्ये सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती हे आधी ठरवले गेले. ती होती डॉक्टरांची मिनिटे. मग त्या मिनिटांत डॉक्टरखेरीज दुसऱ्या कोणालाही करता येईल असे एकही काम राहू नये, अशी बाकीची रचना केली गेली. ती रचना पेलतात खेड्यांतून निवडून आणलेल्या मुली. बारावी झालेल्या मुलींना संस्था दोन वर्षांचे शिक्षण देते आणि दृष्टी तपासणे, डोळ्याचा दाब मोजणे, भिंगाचा क्रमांक काढणे, समुपदेशन, शस्त्रक्रियेत मदत अशा ठरावीक कामांत पारंगत करते. संस्थेच्या मनुष्यबळात सर्वाधिक संख्या त्यांचीच आहे. डॉ. वेंकटस्वामी मॅकडोनाल्डच्या दुकानांचा दाखला देत असत. साधी मुले नीट शिकवल्यावर जगभर एकाच प्रतीचा पदार्थ देऊ शकतात, तर डोळ्यांच्या उपचारांत तसे का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता.

माझे म्हणणे असे आहे की अरविंदची नक्कल करणाऱ्या आपल्यासारख्या संस्था टेबल उचलतात, सूक्ष्मदर्शक उचलतात, मोफत शिबिरांचे फलक उचलतात, पण त्या मुलींच्या दोन वर्षांच्या शिक्षणावर पैसा खर्च करायला तयार होत नाहीत. ते केल्याशिवाय बाकी सर्व व्यर्थ आहे. छोट्या रुग्णालयांना हे जमण्यासारखे आहे का, आणि कसे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

---

अधिसेविका

माणदेशी, आपण घड्याळ घेऊन दाराशी बसलात हे वाचून फार बरे वाटले. व्यवस्थापनातील बहुतेक मंडळी दाराच्या आत काय चालते ते आमच्याकडून तोंडी विचारतात आणि उत्तर आवडले नाही की विषय बदलतात.

मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. आपल्या मांडणीशी मी सहमत आहे, परंतु एक बाजू त्यात आलेली नाही. डॉक्टरांची मिनिटे वाचवायची म्हणजे ती मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जातात. डॉक्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे वळतात, तेव्हा हत्यारे धुणारी, मोजणारी, कापडे लावणारी मुलगी दिवसभर उभी असते. तिला पगार किती, सुट्टी कधी, पुढे बढती कोणती आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर त्या दोन वर्षांच्या शिक्षणाला बाहेर कोणी विचारेल का, हे प्रश्न सुटलेले नसतील तर ती व्यवस्था माणसे झिजवून चाललेली असेल.

दुसरे, कायद्याचा मुद्दा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ नुसार आपल्याकडील रुग्णालयांत पात्रताधारक परिचारिका असाव्या लागतात. संस्थेने स्वतः शिकवलेली मुलगी दृष्टी तपासू शकेल, समुपदेशन करू शकेल, पण तिला परिचारिकेच्या जागी दाखवून नोंदणीकृत परिचारिकेचा पगार वाचवणे हा गैरप्रकार आहे आणि मी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. एका खासगी रुग्णालयात सहा महिन्यांच्या कसल्याशा प्रमाणपत्रावर मुलींना रात्रपाळीत वॉर्डावर एकटे ठेवत असत. कृपया त्या वाटेने जाऊ नका.

---

माणदेशी

ताई, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे. मदुराईत मी एका वरिष्ठ मुलीशी बोललो. ती अठराव्या वर्षी आली होती आणि आता नव्या मुलींना शिकवते. लग्नानंतर बऱ्याच जणी सोडून जातात, हे तिने मोकळेपणाने सांगितले. संस्था ते गृहीत धरून दरवर्षी नवी तुकडी घेते. आमच्यासारख्या तीस खाटांच्या रुग्णालयाला दरवर्षी तुकडी घेणे झेपणार नाही. म्हणून चारपाच जिल्ह्यांतील धर्मादाय नेत्र रुग्णालयांनी मिळून एकच प्रशिक्षण केंद्र चालवावे, असा विचार माझ्या मनात आहे. कायद्याने परिचारिकेचे जे काम आहे ते परिचारिकेकडेच राहील. आमच्या दोन नोंदणीकृत सिस्टर आज केसपेपर शोधण्यात आणि रुग्णांची नावे पुकारण्यात अर्धा दिवस घालवतात. त्यांचीही मिनिटे वाचायला हवीत.

---

ताळेबंद

मी धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षण करतो, म्हणून पैशाच्या अंगाने लिहितो.

अरविंदबद्दल बोलताना 'श्रीमंतांकडून घेऊन गरिबांवर खर्च करतात' असे सरसकट म्हटले जाते आणि त्यावरून अनेक विश्वस्तांचा असा समज होतो की सशुल्क रुग्णांचे दर वाढवले की मोफत विभाग आपोआप चालेल. मी तपासलेल्या दोन संस्थांनी नेमके हेच केले आणि सशुल्क रुग्ण शहरातल्या खासगी दवाखान्यांकडे वळले. मूळ हिशेब वेगळा आहे. नेत्र रुग्णालयाचा बहुतांश खर्च स्थिर असतो. इमारत, यंत्रे, वीज, पगार हे दिवसाला आठ शस्त्रक्रिया झाल्या काय आणि चाळीस झाल्या काय, जवळपास तेवढेच राहतात. रुग्णागणिक वाढतो तो भिंगाचा, औषधांचा, जेवणाचा खर्च. म्हणजे संख्या वाढली की प्रत्येक शस्त्रक्रियेवर पडणारा स्थिर खर्चाचा वाटा घटत जातो आणि मग माफक दर घेऊनही मोफत रुग्णांचा भार पेलता येतो. माणदेशींची एकोणीस मिनिटे ही खरे तर ताळेबंदातली तूट आहे, फक्त ती कोणत्याही खात्यावर दिसत नाही.

आता भिंगाविषयी. नव्वदीच्या सुरुवातीला डोळ्यात बसवायचे आयात भिंग सुमारे १०० डॉलरला पडत असे. त्या किमतीत गरिबाला भिंग देणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून पूर्वी नुसता मोतीबिंदू काढून जाड चष्मा देत असत. माझ्या आजीचा तसला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा मला आठवतो. तो फुटला की ती पुन्हा आंधळी होई, आणि नवा येईपर्यंत भिंतीला धरून चाले. अरविंदने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग सुमारे १० डॉलरपर्यंत, पुढे त्याहूनही खाली आणले. आज ते शंभराहून अधिक देशांत जाते. जो घटक रुग्णागणिक वाढतो, त्याच घटकावर त्यांनी घाव घातला. व्यवस्थापनाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जाता जाता, जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून जो मोतीबिंदू प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यांत तमिळनाडूबरोबर आपला महाराष्ट्रही होता. म्हणजे संधी आपल्यालाही मिळाली होती.

---

निवृत्त नेत्रतज्ज्ञ

धागा काळजीपूर्वक वाचला. शल्यविशारद म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

वेगाची भीती बाळगणे योग्य आहे. एका शिबिरातील अनेक रुग्णांच्या डोळ्यांत एकाच वेळी जंतुसंसर्ग होऊन दृष्टी गेल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. अशा घटनेनंतर त्या पंचक्रोशीतले लोक दहा वर्षे शस्त्रक्रियेचे नाव घेत नाहीत. परंतु अरविंदमधील शस्त्रक्रियांत गुंतागुंत होण्याची प्रमाणे ब्रिटनमधील राष्ट्रीय पाहणीतील आकड्यांशी ताडून पाहिली गेली आहेत, आणि ती तिथल्यापेक्षा वाईट निघालेली नाहीत. याचे कारण असे की तेच काम त्याच क्रमाने रोज करणाऱ्या हातांकडून चुका कमी होतात, आणि झालेली प्रत्येक चूक तिथे लिहून ठेवली जाते. आपल्याकडे संसर्ग झाला की पहिली धडपड कागद लपवण्याची असते. माणदेशी, दुसरे टेबल वापरात आणण्याआधी गुंतागुंतीची नोंदवही सुरू करा. प्रत्येक शल्यविशारदाचे आकडे महिन्याच्या बैठकीत सर्वांसमोर वाचले जाऊ द्या. आम्हा डॉक्टरांना ते रुचत नाही, तरीही करा.

दुसरी गोष्ट म्हणजे हे प्रारूप सर्व आजारांना लागू पडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया छोटी, ठरावीक आणि लगेच फळ देणारी आहे. काचबिंदूचे तसे नाही, त्यात रुग्णाला जन्मभर थेंब घालावे लागतात आणि हाती दिसण्यासारखे काही लागत नाही. मधुमेही रुग्णांच्या पडद्याचा आजारही तसाच चिवट आहे. माझ्या दवाखान्यात काचबिंदूचे रुग्ण दोनतीन महिन्यांनी यायचेच थांबत, आणि परत येत तेव्हा फार उशीर झालेला असे.

---

ताळेबंद

डॉक्टरसाहेब, त्या दुसऱ्या मुद्द्यावर थोडी भर घालतो. अरविंदने २००४ पासून खेड्यांत जी दृष्टिकेंद्रे उघडली, ती अशा रुग्णांनाही उपयोगी पडतात. तिथे प्रशिक्षित मुलगी डोळा तपासते आणि मुख्य रुग्णालयातील डॉक्टर दूरचित्रसंवादावरून रुग्णाशी बोलतात. मजुरी बुडवून शहरात जावे लागत नसल्याने पुन्हा पुन्हा तपासणीला येणे रुग्णाला परवडते. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत.

---

वैनगंगाकाठ

आमच्याकडील अनुभव सांगण्यासारखा आहे. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती नेमके काम देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला याच पायावर काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले, आणि नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणून ज्यांना मदुराई लांब वाटते त्यांनी आधी जामखेड आणि गडचिरोलीची वाट धरावी.

मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आरोग्यदूत गावातच राहते, तिला प्रत्येक घर ठाऊक असते. नेत्र रुग्णालयांची अडचण नेमकी तिथे आहे. मी शिबिरांसाठी गावोगाव फिरलो आहे. 'मोतीबिंदू अजून पिकला नाही', 'उन्हाळ्यात डोळा चिघळतो', 'सुगी होऊन जाऊ द्या', 'सोबत यायला कोणी नाही' ही उत्तरे मला तोंडपाठ आहेत. अरविंदलाही सुरुवातीला हाच अनुभव आला. शस्त्रक्रिया मोफत असूनही शिबिरात निवडलेले बहुतेक रुग्ण यायचे नाहीत. कारणे विचारल्यावर कळले की येण्याजाण्याचे भाडे आणि जेवण हेच त्यांना परवडत नव्हते. मग बस, जेवण, मुक्काम सगळे संस्थेने अंगावर घेतले आणि एका गावचे रुग्ण एकत्र आणले, म्हणजे सोबतीचाही प्रश्न उरला नाही. शस्त्रक्रियागृहात कितीही मिनिटे वाचवली, तरी दारात रुग्णच नसेल तर त्या मिनिटांचे काय करणार?

---

अधिसेविका

वैनगंगाकाठ यांचे म्हणणे अगदी खरे आहे. माणदेशी, त्या आजीबाई आणि त्यांचा नातू पुन्हा कधी आले का? आपल्याकडे त्यांचा केसपेपर असेल. दुसऱ्या दिवशी न आलेल्या रुग्णाला निरोप धाडणे हे कोणाचे काम आहे, हे आपल्या रुग्णालयात ठरलेले आहे काय?

---

माणदेशी

ताई, आपला प्रश्न वाचून मी आज सकाळी केसपेपर काढून पाहिला. निरोप धाडणे हे आमच्याकडे कोणाचेच काम नव्हते. आजींचे गाव इथून सव्वीस किलोमीटरवर आहे आणि दिवसातून दोनच एसटी जातात. दुपारी मी आणि आमच्या समुपदेशक बाई गाडी घेऊन तिथे गेलो. आजी ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. आमचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण माझ्या डावीकडे पाहत बोलल्या. दुसऱ्या डोळ्यातही आता मोतीबिंदू वाढलेला आहे. आमच्याकडून चूक झाली असे मी त्यांना सांगितले. नातू शेतावरून आल्यावर बराच वेळ बोलणे झाले आणि शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी करायची आणि त्यासाठी त्यांना आमच्याच गाडीने आणायचे असे ठरले. भिंगाचा क्रमांक आदल्या दिवशीच काढता यावा, म्हणून त्या बुधवारी संध्याकाळी मुक्कामाला येतील.

याच गावात आणखी सात जण निघाले. आजींच्या शेजारणीनेच नावे सांगितली. त्यांना आणण्यासाठी आता मोठी गाडी लागेल.

निवृत्त नेत्रतज्ज्ञांच्या सूचनेप्रमाणे गुंतागुंतीची नोंदवही कालपासून सुरू केली आहे. हत्यारांचे आणखी सहा संच मागवण्यास विश्वस्तांनी मंजुरी दिली. टेबलासाठी आलेल्या देणगीतून थोडी रक्कम उरली होती, ती त्यासाठी वापरू. संयुक्त प्रशिक्षण केंद्राबाबत तीन रुग्णालयांना पत्रे धाडली आहेत आणि एकाचा होकार आला आहे. ताई, अभ्यासक्रमाचा मसुदा मी व्यक्तिगत निरोपाने पाठवत आहे. त्यातील कोणती कामे नोंदणीकृत परिचारिकेखेरीज कोणालाही देऊ नयेत, ती आपण लाल शाईने दाखवून द्यावीत. ड्रेसिंगचे ड्रम दुसऱ्या टेबलावरून हलवले आहेत. गुरुवारी मी पुन्हा वही घेऊन दाराशी बसेन आणि मिनिटे इथे लिहीन.